कॅलिफोर्निया प्रॉप १-एफ : तूट असेल तर आमदारांना पगारवाढ नाही. येस की नो?

अनुजा७४ | ४ मे २००९

मंडळी, इथे कॅलिफोर्नियातले मतदार किती आहेत माहीत नाही, पण विचारतेच. १९ मेला स्पेशल इलेक्शन आहे, पोस्टाने मतपत्रिका येऊन पडलीय. १-ए ते १-एफ अशी सहा प्रपोझिशन्स (प्रॉप), म्हणजे मतदारांनी थेट येस-नो करायचे प्रस्ताव. पहिली पाच बजेटच्या भानगडीतली आहेत, वाढवलेले टॅक्स आणखी काही वर्षं चालू ठेवायचे का, लॉटरीच्या उत्पन्नावर कर्ज काढायचं का, लहान मुलांच्या आणि मानसिक आरोग्याच्या राखीव निधीतून पैसे उचलायचे का वगैरे. त्यावर घरात यथेच्छ भांडून झालंय आणि माझं ठरलंय. गाडी अडलीय ती शेवटच्यावर.

१-एफ थोडक्यात असं की राज्याच्या बजेटमध्ये तूट असेल त्या वर्षी गव्हर्नर, निवडून आलेले बाकीचे राज्य अधिकारी आणि आमदार यांना पगारवाढ मिळणार नाही. पगार कमी होणार नाही, फक्त वाढ नाही. तूट कशाला म्हणायचं तेही लिहिलंय, ३० जूनला राज्याच्या राखीव निधीत उणे शिल्लक राहणार असेल आणि ती जनरल फंडाच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीच्या, उत्पन्नाच्या १ टक्का किंवा त्याहून जास्त असेल तर. आणि हे फायनान्स डायरेक्टरने १ जूनपर्यंत लिहून द्यायचं.

सध्या इथल्या आमदाराला वर्षाला १,१६,२०८ डॉलर मिळतात, वर अधिवेशनाच्या दिवसांत रोजचा करमुक्त भत्ता. अमेरिकेतल्या पन्नास राज्यांत सगळ्यात जास्त.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं यात विचार काय करायचाय, द्या ठोकून येस. मग नीट वाचलं. इथे आमदार स्वतःचा पगार स्वतः ठरवतच नाहीत, १९९० च्या प्रॉप ११२ पासून ते काम सात जणांचा आयोग करतो. म्हणजे हात आपण आयोगाचे बांधणार आणि टाळ्या मात्र आमदारांना धडा शिकवला म्हणून वाजवणार. शिवाय तूट दाखवली की वाढ बंद, म्हणजे तूट कमी दाखवायला अजून एक कारण मिळालं की नाही? तुम्ही काय करताय?

शेंगचटणी | ४ मे २००९

थांबा थांबा. आमदारांना पगारवाढ द्यायची का नाही हे जनतेला विचारतात??? ती मतपत्रिका इकडे पाठवा हो ताई, अख्खं सोलापूर रांगेत उभं राहून शिक्का मारतंय बघा.

मधली_सुट्टी | ४ मे २००९

आम्ही एच-वन व्हिसावाले, मत नाही, आम्ही काय करायचं? टॅक्स भरायचा आणि धागा वाचायचा. चालू द्या, चहा टाकलाय.

जोशीकाका_फ्रीमॉन्ट | ५ मे २००९

अनुजा, तू फार विचार करतेस. पाच वेळा नो आणि एकदा येस, विषय संपला. मी तर मतपत्रिका पोस्टात टाकून पण आलो.

आता हे मुळात मतदानाला आलं कसं ते सांगतो म्हणजे लोकांना गंमत कळेल. फेब्रुवारीत बजेट अडकलं होतं, तूट जवळजवळ ४,२०० कोटी डॉलर. आपल्याकडे बजेटला दोन तृतीयांश मतं लागतात आणि सिनेटमध्ये एक रिपब्लिकन मत कमी पडत होतं. आमदारांना रात्र रात्र सभागृहात कोंडून ठेवलं, लोक खुर्चीत झोपले, तरी मत काही मिळेना. शेवटी सांता मारियाचा सिनेटर एबल माल्डोनाडो तयार झाला, पण फुकट नाही, यादी घेऊन आला. त्याला ओपन प्रायमरी (पक्ष कुठलाही असो, सगळ्या मतदारांना खुली प्राथमिक निवडणूक) पाहिजे होती आणि तुटीच्या वर्षी पगारवाढ बंद पाहिजे होती. दोन्ही मतदारांपुढे न्यायचं कबूल केलं तेव्हा कुठे साहेबांनी मत दिलं. तर हे १-एफ म्हणजे त्या सौद्यातली पावती आहे. पण म्हणून काय झालं? सौद्यात का होईना, कामाची गोष्ट पदरात पडत असेल तर घ्यावी. ज्यांना जमाखर्च जुळवता येत नाही त्यांना बढती कसली.

सॅक्रामेंटोकर | ५ मे २००९

मी राज्य सरकारच्या नोकरीत आहे, नाव-खातं विचारू नका. फेब्रुवारीपासून आम्हाला फर्लो आहे, पहिला आणि तिसरा शुक्रवार ऑफिस बंद आणि त्या दोन दिवसांचा पगार कट. कामं तेवढीच, ती सोमवार ते गुरुवारमध्ये कोंबायची. पहिल्या फर्लोच्या शुक्रवारी मी मुलीच्या लायसनसाठी डीएमव्हीला, म्हणजे इथल्या आरटीओत, गेले होते, सवयीने, म्हटलं सुट्टीच आहे तर उरकून टाकू, आणि दारावर कागद चिकटवलेला की आज बंद. एकेक माणूस येतोय, वाचतोय, शिव्या घालून परत जातोय. मी पण वाचला आणि परत आले, शिव्या कुणाला घालणार, मीच सरकार.

तर आमच्या मजल्यावर १-एफ वर वादच नाही. सगळे येस. अनुजा, तुझा मुद्दा कळतो आणि यातून दमडी वाचणार नाही हेही सगळ्यांना माहितीये. पण आमचा पगार कापायच्या सह्या ज्या बिल्डिंगमधून येतात तिथल्यांचा वाढू नये एवढी साधी अपेक्षा आहे.

निमसरकारी | ५ मे २००९

पुण्यातून दोन पैसे. सॅक्रामेंटोकर दमडी म्हणताहेत, ती किती ते काढून बघितलं. कॅलिफोर्नियात असेंब्लीचे ८० आणि सिनेटचे ४० मिळून १२० आमदार. गुणिले १,१६,२०८, झाले साधारण १ कोटी ३९ लाख डॉलर. काकांनी तूट सांगितली ४,२०० कोटी. म्हणजे पगारवाढ सोडा, सगळ्यांचा सगळा पगार शून्य केला तरी तीन हजार रुपयांच्या उधारीतला एक रुपया फिटतो. त्याच्यासाठी घटनादुरुस्ती.

बाकी तुमचं ते आयोग प्रकरण मला आवडलं. आमच्याकडे नुकताच सहावा वेतन आयोग होऊन गेला, आमचे आयोग फक्त वर जायला शिकलेत. आणि लोकप्रतिनिधींना तर आयोगही लागत नाही. घटनेच्या १०६ व्या कलमाने खासदारांचा पगार संसद ठरवते आणि १९५ व्याने आमदारांचा विधिमंडळ. पंगतीला बसणारे तेच, वाढपीही तेच.

शेंगचटणी | ५ मे २००९

निमसरकारी साहेब, सहाव्या आयोगाची थकबाकी मिळाली का? पार्टी कधी?

निमसरकारी | ५ मे २००९

नाव निमसरकारी आहे हो, आम्हाला सगळं निम्मंच मिळतं.

ह्यूस्टनचा_बंड्या | ६ मे २००९

तुम्ही लोक एक लाख सोळा हजारावर बोलताय, जरा टेक्सासला या. आमचा आमदार महिन्याला ६०० डॉलर घेतो. महिन्याला, चुकून दिवसाला वाचाल. १९७५ पासून तेवढाच, कारण वाढवायचा तर घटनादुरुस्ती पाहिजे आणि घटनादुरुस्ती म्हणजे मतदारांना विचारणं आलं आणि राजकारण्यांचा पगार वाढवा म्हणून मतदारांकडे जायची छाती कुणाची नाही. अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, १४० दिवस.

आता काकांना वाटेल वा वा काय आदर्श राज्य. पण मग आमदार होतं कोण? वकील, ज्याची फर्म त्याच्याशिवाय चालते. रँचवाले. इन्शुरन्सवाले, ज्यांच्या धंद्याला ओळखींचा उपयोगच होतो. माझ्यासारखा नोकरदार बॉसला काय सांगणार, जानेवारी ते मे येत नाही, ऑस्टिनला कायदे करायला जातोय?

जोशीकाका_फ्रीमॉन्ट | ६ मे २००९

बंड्या, बरंच आहे की मग. १४० दिवसांत करून करून किती नुकसान करतील.

बर्फातला_मावळा | ६ मे २००९

न्यू हॅम्पशायरवरून हजेरी. आमच्याकडे वर्षाला १०० डॉलर :) दोन वर्षांच्या टर्मचे २०० असं थेट घटनेतच लिहून ठेवलंय, १८८९ पासून. आणि हाऊसमध्ये ४०० माणसं, एवढ्याशा राज्याला. आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजोबा राहतात, ते आमदार आहेत, बर्फ पडला की स्वतःच्या फावड्याने ड्राइव्हवे साफ करत असतात, लाल दिवा नाही काही नाही. पण बंड्या म्हणतो ते खरं आहे, त्या चारशेत निवृत्त माणसं भरपूर.

अनुजा७४ | ६ मे २००९

काका, १०० डॉलरवर दोन लहान मुलं असलेली बाई आमदार होऊ शकेल का? बेबीसिटरचे एका दिवसाचे तेवढे होतात. कॅलिफोर्नियात १९६६ पर्यंत पगार ६,००० होता आणि अर्धवेळ विधिमंडळ होतं, मग मतदारांनीच तेव्हाचं प्रॉप १-ए (आताचं नव्हे) पास करून ते पूर्णवेळ केलं आणि पगार १६,००० झाला. तेव्हाचा विचारच हा होता की पगार बरा असेल तर लॉबीवाल्याच्या जेवणावर जगायची वेळ येणार नाही. आता आपण वैतागून हळूहळू उलट्या दिशेने निघालोय असं मला वाटतं. १-एफ एकटं तेवढं करणार नाही मान्य, पण दिशा ती आहे.

@निमसरकारी, तीन हजारात एक, हे मी आज ऑफिसात ऐकवलं.

जोशीकाका_फ्रीमॉन्ट | ६ मे २००९

अगं पण १,१६,००० घेऊनही लॉबीवाल्यांची जेवणं चालूच आहेत ना?

ह्यूस्टनचा_बंड्या | ७ मे २००९

विषय निघालाच आहे तर एक किस्सा. अमेरिकन घटनेची सत्ताविसावी दुरुस्ती याच विषयावर आहे, काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, स्वतःचा पगार बदलला तर मध्ये एक निवडणूक होऊन गेल्याशिवाय तो बदल लागू नाही. घटनाकार मॅडिसनने १७८९ मध्ये मांडलेली, पुरेशी राज्यं मिळाली नाहीत म्हणून दोनशे वर्षं धूळ खात पडली. १९८२ मध्ये आमच्या ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीतल्या एका विद्यार्थ्याने पेपर लिहिला की हिला मुदतच घातलेली नाही, म्हणजे ही अजून जिवंत आहे. मॅडमनी सी ग्रेड दिली. पोरगा पेटला, राज्याराज्यांच्या आमदारांना पत्रं पाठवत सुटला आणि १९९२ मध्ये दुरुस्ती मंजूर!

मधली_सुट्टी | ७ मे २००९

सी मिळाल्यावर आम्ही फक्त हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बसायचो.

तिरफळ | ७ मे २००९

मडगावातून. तुम्ही सगळे 'भारतात असं जनमत घेत नाहीत' म्हणता म्हणून सांगतो, भारतात एकदाच घेतलं आणि ते आमच्याकडे, १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फूल, केंद्रशासित राहायचं तर दोन पानं. आमच्या घरात आजोबा फुलाचे आणि आजी दोन पानांची. निकालानंतर आजोबा कितीतरी दिवस आजीच्या हातचा चहा घेत नव्हते म्हणे, शेजारी जाऊन घ्यायचे.

निमसरकारी | ७ मे २००९

एकदाच नाही हो तिरफळ, १९४८ ला जुनागढ आणि १९७५ ला सिक्कीम पण आहेत. आजोबांचं बाकी पटलं.

तिरफळ | ७ मे २००९

ते दोन्ही भारतात यायचं का म्हणून होते. आत आल्यावर घरातल्या भांडणासाठी घेतलेलं आमचंच. पण चालेल, निमसरकारींना निम्मं बरोबर.

दाभाडेमास्तर | ८ मे २००९

मंडळी, थेट मतदान पाहायचं तर गोव्याला किंवा कॅलिफोर्नियाला जायची गरज नाही. आमच्या सातारा जिल्ह्यात या. दारूदुकान बंद करायचं का, यासाठी गावच्या बायका गुप्त मतदान करतात. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद.

शेजारच्या गावात झालं तेव्हा आमच्या शाळेतले दोन शिक्षक ड्यूटीला होते, त्यांनी सांगितलेली गोष्ट. नियम असा आहे की आडव्या बाटलीला गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडली पाहिजेत. आलेल्यांच्या निम्मी नाही, यादीत नाव असलेल्या सगळ्यांच्या. म्हणजे जी घरी बसली ती आपोआप उभ्या बाटलीची. दुकानवाल्याला हे गणित बरोबर कळलं होतं. त्याने मतदानाच्या दिवशीच तुळजापूरला फुकट जीप सोडल्या, देवीचं दर्शन, वर जेवण. बायका पण वस्ताद निघाल्या. सकाळी सातला रांग लावून आधी बाटली आडवी केली आणि मग त्याच जीपमधून देवीला गेल्या.

बाकी पगाराचं म्हणाल तर माझे थोरले बंधू सरपंच होते. मानधन इतकं की गावात कोणी आलं की चहा पाजण्यातच संपायचं, वर वहिनींचे जायचे. एकदा मी म्हटलं अण्णा, सोडा हे. म्हणाले मी सोडलं तर ज्याला मानधनाची गरजच नाही असा माणूस बसेल, चालेल का तुला? बंड्याभाऊंचं टेक्सास वाचून ते आठवलं.

सॅक्रामेंटोकर | ८ मे २००९

मास्तर, तुळजापूरचं वाचून खुर्चीवरून पडायची बाकी होते.

अनुजा७४ | २० मे २००९

निकाल. १-ए ते १-ई पाचही आडवी बाटली. १-एफ पास, जवळजवळ ७४ टक्के. मतदानाला तीस टक्के लोकही आले नव्हते, आणि जे आले ते चिडून आले होते हे स्पष्ट दिसतंय. मी नो दिलं होतं.

आणि आजची बातमी बघा, पगार आयोगाची बैठक होती, त्यांनी आमदारांसकट सगळ्यांच्या पगारात १८ टक्के कपात ठरवली, डिसेंबरपासून. वाढ रोखण्याचा कायदा काल पास झाला आणि आज थेट कपात, ती त्या कायद्याशिवाय. आयोगाला ती मुभा आधीपासून होतीच.

जोशीकाका_फ्रीमॉन्ट | २० मे २००९

मुभा होती, पण हिंमत आमच्या ७४ टक्क्यांनी दिली. श्रेय घेऊ द्या म्हाताऱ्याला.

---

सॅक्रामेंटोकर | २२ जून २०११

धागा वर काढतेय कारण मसाला ताजा आहे. गेल्या नोव्हेंबरात आपण प्रॉप २५ पास केलं, आठवतंय? बजेट आता साध्या बहुमताने, दोन तृतीयांशची कटकट गेली, पण १५ जूनपर्यंत बजेट पास झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचा आमदारांचा पगार आणि भत्ता कायमचा बुडाला. नंतरही मिळणार नाही.

तर यांनी १५ तारखेला काहीतरी पास करून हात झटकले, दुसऱ्या दिवशी गव्हर्नर ब्राउननी ते फेटाळलं, आणि काल राज्याचे कंट्रोलर (सरकारी पगाराचे चेक काढणारे) जॉन चियांगनी जाहीर केलं की आकडे जुळतच नाहीत, याला बजेट म्हणत नाहीत, सबब पगार बंद. दिवसाला साधारण ४०० डॉलर जाताहेत. एका आमदाराने म्हणे निवेदन काढलंय की आता बायकोला आणि मुलीला काय सांगू, बिलं कशी भरू. आमच्या मजल्यावर ते निवेदन प्रिंट काढून कॉफी मशीनवर लावलंय. फर्लो चालू होता तेव्हा आम्हीही घरी काहीतरी सांगतच होतो.

ह्यूस्टनचा_बंड्या | २२ जून २०११

हे १-एफ पेक्षा धारदार निघालं. वाढ मिळणार नाही याला कोण घाबरतो, आलेला पगार थांबला की माणूस जागा होतो.

अनुजा७४ | २२ जून २०११

पण बघ ना, पुन्हा तोच प्रश्न. बजेट जुळलं की नाही हे ठरवायचं कुणी? १-एफ मध्ये फायनान्स डायरेक्टर, जो गव्हर्नरने नेमलेला. इथे कंट्रोलर उठून म्हणतो मी ठरवणार. तो मला आवडतो ही गोष्ट वेगळी, पण आमदारांचा पगार एका माणसाच्या सहीवर आला की उद्या तो माणूस बदलला तर? आणि जुळवाजुळवी किती सोपी असते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

सॅक्रामेंटोकर | २३ जून २०११

सोपी? ऐक. आमचा जूनचा पगार पूर्वी ३० जूनला व्हायचा. २००९ च्या जुलैत बजेट जुळवताना यांनी ठरवलं की पुढच्या वर्षीपासून तो १ जुलैला करायचा. एक दिवस पुढे. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं, त्यामुळे त्या वर्षाच्या हिशोबात अकराच महिन्यांचे पगार दिसले आणि कागदावर शंभर कोटी डॉलरच्या वर 'बचत'. कुणी एक पेन्सिल कमी वापरली नाही. आणि तुझं ते १-एफ तूट कुठल्या तारखेला मोजतं? ३० जूनला.

निमसरकारी | २३ जून २०११

हे वाचून डोळे पाणावले. आपल्या मार्च एंडला परदेशात कुणीतरी टक्कर देतंय.

शेंगचटणी | २३ जून २०११

आमच्याकडे उलटं झालं बरं का. मागच्या ऑगस्टात खासदारांचा पगार १६,००० चा ५०,००० केला तर म्हणे कमी आहे. सचिवाला ८०,००० मिळतात म्हणून आम्हाला ८०,००१ पाहिजे. एक रुपया वर, मानाचा. त्यावरून लालूप्रसादांनी सभागृहातच खोटी लोकसभा भरवली. खरी बंद पाडून.

मधली_सुट्टी | २३ जून २०११

तो वरचा एक रुपया म्हणजे आहेराच्या पाकिटातला. (मी अजून एच-वनवरच आहे, कुणी विचारलं नाही म्हणून सांगतो.)

जोशीकाका_फ्रीमॉन्ट | २४ जून २०११

बेलचं प्रकरण कुणी कसं काढलं नाही अजून? लॉस एंजेलिसजवळचं चाळीस हजाराच्या आतबाहेर वस्तीचं गरीब गाव, आणि गेल्या जुलैत पेपरात आलं की तिथला सिटी मॅनेजर वर्षाला जवळजवळ आठ लाख डॉलर घेतो, आणि अर्धवेळ नगरसेवक लाखाच्या घरात. राष्ट्राध्यक्षाला चार लाख मिळतात! मार्चमध्ये लोकांनी सगळ्या कौन्सिलला घरी पाठवलं. अनुजा, अशा लोकांना वेसण घालायलाच मतदान लागतं. तुझा आयोग काय करणार तिथे?

अनुजा७४ | २४ जून २०११

काका, बरं झालं तुम्हीच काढलंत. बेलमध्ये ते पगार आले कसे? राज्याच्या कायद्याने छोट्या गावच्या नगरसेवकाच्या मानधनाला मर्यादा आहे. ती चुकवायची तर गावाने स्वतःची सनद करून 'चार्टर सिटी' व्हायचं, आणि त्याला लागतं मतदान. २००५ मध्ये घेतलं. स्पेशल इलेक्शन, कुणाला पत्ता नाही, सगळ्या गावातून चारशेपेक्षाही कमी मतं पडली आणि पास. म्हणजे दरोड्याची किल्ली मतपेटीतूनच निघाली. मास्तरांची बाटली आठवा, तिथे यादीतल्या सगळ्या बायकांच्या निम्म्या लागतात. बेलला तोच नियम असता तर चारशे मतांत काय झालं असतं?

दाभाडेमास्तर | २५ जून २०११

काही झालं नसतं. पण ताई, त्याच नियमाने आमच्याकडची किती दुकानं वाचलीत तेही सांगतो. आडव्या बाटलीला भरपूर मतं पडतात, उभीला नावाला पडतात, तरी दुकान चालूच, कारण यादीत सासरी गेलेल्या मुली आहेत, मुंबईला कामाला गेलेल्या आहेत आणि वारलेल्या म्हाताऱ्या पण आहेत. त्या सगळ्या उभ्या बाटलीच्या. नियम कडक केला की तो चोरालाच अडवतो असं नाही.

अनुजा७४ | २५ जून २०११

हं. यावर विचार करावा लागेल मास्तर.

सॅक्रामेंटोकर | १ जुलै २०११

२८ तारखेला बजेट पास झालं, काल सही झाली. बारा दिवसांचा पगार गेला एकेकाचा. आता १५ जून कुणी विसरणार नाही.

---

शेंगचटणी | ९ ऑगस्ट २०१६

नमस्कार मंडळी, आहात का जिवंत? आमच्या विधिमंडळाने परवा आमदारांचा पगार वाढवला. पंच्याहत्तर हजारांचा दीड लाखाच्या वर, प्रधान सचिवांच्या बरोबरीने. माजी आमदारांचं पेन्शन ४०,००० वरून ५०,०००. चर्चा शून्य. एरवी कांद्यावर, टँकरवर, पीकविम्यावर गोंधळ घालून सभागृह बंद पाडणारे यावेळी हूं की चूं नाही, सगळे पक्ष एका सुरात. राज्यावर तीन लाख कोटींच्या वर कर्ज आहे, तो विषय वेगळा. म्हणून अनुजाताईंचा धागा शोधून काढला. १-एफ चं पुढे काय झालं?

निमसरकारी | ९ ऑगस्ट २०१६

रागवू नका शेंगचटणी, पण रकमेवर माझी फारशी तक्रार नाही. मुंबईत ऑफिस, मतदारसंघात ऑफिस, दारात रोज पन्नास माणसं, कुणाच्या लग्नात आहेर, कुणाचं हॉस्पिटल. दीड लाखात प्रामाणिक माणसाचं कसंबसं भागेल. तक्रार आहे ती चर्चेविना आणि स्वतःच स्वतःला, याची. १९५ वं कलम बदलायला कुणी उठणार नाही, पण एवढं तरी करा की वाढवलेला पगार पुढच्या विधानसभेपासून लागू. बंड्याने सांगितलेली ती सत्ताविसावी दुरुस्ती नेमकी हीच.

शेंगचटणी | ९ ऑगस्ट २०१६

पुढच्या विधानसभेपासून म्हटलं तर पुढच्यांसाठी वाढवणार कशाला? तिकिटाचा भरवसा नाही.

अनुजा७४ | १० ऑगस्ट २०१६

आहोत आहोत. १-एफ अजून लागू आहे. हिशोब असा: २००९ च्या कपातीनंतर पगार झाला ९५,२९१. २०१२ मध्ये आयोगाने अजून ५ टक्के कापला, ९०,५२६. मग राज्याची परिस्थिती सुधारली तशी २०१३ पासून दरवर्षी थोडी वाढ, आणि या डिसेंबरपासून होणार १,०४,११८. म्हणजे सात वर्षं उलटली तरी जुन्या १,१६,२०८ ला पोचलेले नाहीत.

आता यात १-एफ ने नक्की काय केलं? तुटीच्या वर्षांत आयोग स्वतःच कापत होता, वाढवायचा प्रश्नच नव्हता. तूट गेल्यावर आयोगाने वाढवला, त्याला १-एफ ची आडकाठी नाही. जी वाढ कुणी देणारच नव्हतं ती आपण ७४ टक्क्यांनी थांबवली. आणि प्रॉप २५ च्या त्या पगारबंदीवर आमदार कोर्टात गेले आणि जिंकले, बजेट जुळलं का हे बघणं कंट्रोलरचं काम नाही म्हणून. तेव्हा आता १५ जूनला बहुमताने काहीही पास करा, पगार चालू. पुन्हा मतदानाला आलं तर मी पुन्हा नोच देईन. पगार दुसऱ्या कुणीतरी ठरवायचा आणि तो सगळ्यांसमोर, एवढं झालं की बाकीच्या वेसणी शोभेच्या. महाराष्ट्राला १-एफ नकोय, ११२ पाहिजे.

सॅक्रामेंटोकर | १० ऑगस्ट २०१६

अनुजा, सगळे आकडे मान्य आणि तरी मी पुन्हा येसच देईन. तू आयोगाला आकाशातून पडल्यासारखं धरतेस. सातही जण गव्हर्नर नेमतो. २००९ ला लोक किती पेटलेत ते दिसत असताना त्यांनी १८ टक्के कापला, दिवस चांगले आले तसा वाढवत नेला. उद्या कुणी पेटलेलं नसताना, तुटीच्या वर्षी, गुपचूप ५ टक्के देऊन टाकले तर? तेव्हा लागेल १-एफ. फायर एक्स्टिंग्विशर दहा वर्षं वापरला नाही म्हणून कुणी काढून टाकत नाही.

जोशीकाका_फ्रीमॉन्ट | ११ ऑगस्ट २०१६

+१. उशिरा आलो, डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मुलगी वाचून दाखवतेय आणि हसतेय.

ह्यूस्टनचा_बंड्या | ११ ऑगस्ट २०१६

काका तब्येत सांभाळा. टेक्सास अपडेट: ६०० डॉलर.

बर्फातला_मावळा | ११ ऑगस्ट २०१६

न्यू हॅम्पशायर अपडेट: १०० डॉलर. वर्षाला.

मधली_सुट्टी | ११ ऑगस्ट २०१६

ग्रीन कार्ड आलं!!! मत अजून नाही, पण वाचनमात्र सदस्यातून बढती समजावी. ते जाऊ दे, कॅलिफोर्नियावाल्यांनो, या नोव्हेंबरात तुमच्याकडे १७ प्रपोझिशन्स आहेत म्हणे. खरंय का?

सॅक्रामेंटोकर | १२ ऑगस्ट २०१६

खरंय. गांजा, फाशी, सिगारेटवरचा टॅक्स. एकट्या प्लास्टिकच्या पिशवीवर दोन. अनुजा, नवीन धागा काढ बाई, याच्यात मावणार नाही.